चार फूट अकरा इंच आणि पोटात दोघं

काल आमच्या जुळ्यांना तिसरं वर्ष लागलं. रात्री सगळं आवरल्यावर जुनी फाईल काढली तर त्यात डिस्चार्जचा कागद सापडला, थोरला २.१ किलो, धाकटी १.८, दोन्ही आकड्यांभोवती पेनने गोल. अडीच किलोच्या आत म्हणजे कमी वजनाचं बाळ, मग जुळं असो की एकटं.

तेव्हा आत्येसासूबाई बघायला आल्या, दुपटं जरा बाजूला केलं आणि म्हणाल्या, "नऊ महिने काही खाल्लंस की नाही गं?" नऊ कुठले, ३५ आठवड्यांतच झाली ही दोघं! वर माझ्या जावेचं उदाहरण होतंच, तिची जुळी अडीच-अडीच किलोची. पण जाऊबाई पाच फूट सात इंच हो, आणि सदतीस आठवडे नेलेत तिने.

अर्धी गंमत उंचीची आहे. १९३८ साली केंब्रिजमध्ये वॉल्टन आणि हॅमंड या दोघांनी धिप्पाड शायर घोडे आणि शेटलंडची तट्टं यांचा संकर केला, दोन्ही बाजूंनी. शायर घोडीच्या पोटी आलेलं शिंगरू तट्टाच्या पोटी आलेल्या शिंगरापेक्षा जवळजवळ तिप्पट वजनाचं निघालं, रक्त दोघांत निम्मं-निम्मंच असून! म्हणजे आईच्या अंगात जागा किती, वारेतून पोचतं किती, यावर बरंच ठरतं. जुळी तर साधारण अठ्ठावीस-तीस आठवड्यांपर्यंत एकट्या बाळासारखीच वाढतात, मग मागे पडायला लागतात.

आता सगळं उंचीवर ढकलत नाही मी. दिवस गेले तेव्हा मी ४३ किलो, वाढले १३. अमेरिकेतल्या २००९च्या गाईडलाईनप्रमाणे जुळ्यांच्या वेळी नॉर्मल बीएमआयवालीचं वजन साधारण १७ ते २५ किलो वाढायला हवं. पण सातव्या महिन्यात पोट बरगड्यांना टेकलेलं, अर्धी भाकरी खाल्ली की छातीत नुसती जळजळ, आणि समोर डिंकाच्या लाडवांचा डबा... कोंबणार कुठे?

आणि या दोघांतला ३०० ग्रॅमचा फरक? आई तर एकच. ते वारेचं काम, दोघांना सारखं मिळतंच असं नाही.

काल केक कापताना ही घोड्यांची गोष्ट आत्याबाईंना सांगितली. नीट ऐकून घेतली, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "म्हणजे तू तट्टू होय!"