थोरली पाती, धाकटी पाती: दोन फुटी टाकीतला तह मोडला

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की कॅकॅटू माशांचा ट्रायो (एक नर, दोन माद्या) जमला, तळाला राहणाऱ्या कोरी मजेत आहेत, टाकी शांत आहे. ती शांतता मोजून अकरा दिवस टिकली.

मंगळवारी ऑफिसातून आलो, तर सहाच्या सहा पांडा कोरी हीटरमागच्या कोपऱ्यात, पाण्याच्या वरच्या थरात, तोंडं काचेला लावून उभ्या. कोरी, आणि वर! ज्यांनी पाळल्यात त्यांना पुढचं सांगायला नको. एकीची मिशी अर्धी गायब. डावीकडच्या करवंटीच्या (हीच त्यांची गुहा) तोंडाशी थोरली मादी, हळद लागलेल्या नवरीसारखी पिवळीधमक, पोटाखालचे पर काळेकुळकुळीत. म्हणजे आत छताला अंडी. नर बिचारा मधल्या पाण्यात ‘मी इथला नव्हेच’ अशा थाटात फिरत होता.

कोरींचा दोष एवढाच, की त्यांना इशारा कळत नाही. टाकीतले एम्बर टेट्रा मासे एक धडक खाल्ली की वर सटकतात. कोरीला चावलं तर ती दोन इंच सरकते आणि पुन्हा तिथेच वाळू हुंगायला लागते. रात्री तर अंड्यांपर्यंत पोचतेच. मागच्या दोन खेपा कुठे गेल्या, याचं उत्तर आता मला मिळालंय.

टाकीचे लिटर मोजून अपिस्टो (कॅकॅटू यातलेच) बसत नाहीत, तळ मोजावा लागतो. माझा तळ 60 बाय 30 सेंटिमीटर. नराची हद्द मोठी, तिच्या पोटात प्रत्येक मादीचा आपापला तुकडा, म्हणजे दोघींना 30 बाय 30. कागदावर चोख वाटणी. देवासला नाही का, एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती (पवारांची दोन संस्थानं) नांदल्या! मादींची नावं तिथूनच घेतली होती. पण देवासच्या पवारांना निदान एकमेकांच्या खिडकीत दिवसभर बघत बसावं लागत नव्हतं.

पहिला उपाय म्हणून मधोमध काळ्या दगडांचा बांध घातला, चार बोटं उंच. थोरली बांधावर चढून टेहळणी करायला लागली. तिला मी आयता बुरूज बांधून दिला.

मग उजव्या टोकाला धाकटीसाठी दुसरी करवंटी ठेवली. (दुकानातल्या सिरॅमिक गुहांवर पैसे घालू नका. नारळ फोडा, करवंटीला कानशीने अंगठ्याएवढी खाच पाडा, दोनदा उकळा. खाच लहान असली की मादी आत जाते आणि नर बाहेर राहतो, हा मुख्य फायदा.) धाकटी लगेच आत शिरली. पण दोन्ही करवंट्यांची तोंडं मधल्या मोकळ्या वाळूकडे, म्हणजे समोरासमोर. धाकटीने डोकं बाहेर काढलं की पलीकडून बाण सुटायचा.

तिसऱ्या दिवशी वैतागून सगळ्या कोरी तीन फुटी टाकीत हलवल्या. वाटलं, सुटलो. उलटंच झालं. इतके दिवस सहा जणींत वाटला जाणारा राग एकट्या धाकटीवर आला. संध्याकाळपर्यंत तिची शेपटी फाटली होती आणि ती स्पंज फिल्टरच्या नळीमागे चिकटून बसली होती.

शेवटी तिला एक फुटीत टाकायचं ठरवलं. जाळी घ्यायला गेलो, ती स्टँडखाली पडलेली. काढायला जमिनीवर आडवा झालो आणि टाकी पहिल्यांदा तळाच्या उंचीवरून पाहिली. मी नेहमी खुर्चीतून, थोडं वरून बघतो. तिथून झाडं दाट वाटतात. खालून पाहिलं तर क्रिप्टच्या झाडांच्या देठांमधून आरपार दिसत होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. थोरलीला हेच दिसत होतं.

जाळी तशीच ठेवली. पेरूची वाळलेली फांदी (भिजवून बुडायला लागलेली, मागच्या उन्हाळ्यापासून बादलीत होती) मधोमध आडवी टाकली, तिच्या बेचक्या वाळूत रोवल्या. पेरू देशातला मासा, पेरूचीच फांदी. बायकोला हा विनोद तीनदा सांगून झालाय. वर देशी बदामाची वाळकी पानं दोन मुठी. कॅकॅटू मुळात पाचोळ्यातच राहणारा मासा, आणि मी त्याला झाडलेलं अंगण दिलं होतं. थोरलीच्या करवंटीला हात लावला नाही. धाकटीची मात्र फिरवून तोंड बाजूच्या काचेकडे केलं.

अर्धा दिवस गोंधळ. नंतर पाठलाग फांदीपाशी थांबायला लागला. थोरली येते, फांदीशी पर फुलवते, परत जाते. पलीकडे कोणी दिसतच नाही, तर भांडणार कोणाशी?

आणि मुख्य बातमी: आठव्या दिवशी पिल्लं पोहायला लागली! सकाळी पानांवर धूळ हलल्यासारखं वाटलं. भिंगातून मोजली, 23 पर्यंत पोचलो, मग थोरलीने पोटाखालचे पर झटकले आणि सगळी धूळ पानांत बसली. टेट्रा एखाददुसरं गट्ट करणार, ते धरून चाललोय. पिल्लांना खायला आर्टेमिया (अंड्यांतून फोडलेले कोळंबीसारखे बारीक जीव) चालू आहे: लिटरच्या बाटलीत 25 ग्रॅम मीठ, जोराची हवा, चोवीस तास. इथल्या एका दुकानातून घेतलेल्या डब्यातली निम्मी अंडी फुटतच नाहीत. भावाने कुर्ल्याहून आणलेली सुटी पुडी स्वस्त आणि सरस निघाली. दुपारी पिल्लांची पोटं नारिंगी दिसली की ऑफिसचा दिवस वसूल.

पाणी: पीएच 6.6, टीडीएस (विरघळलेले क्षार) 140, तापमान 26. सोसायटीत टँकर सुरू झाल्यापासून नळाला टीडीएस 480 येतोय, म्हणून आरओचं पाणी मिसळतोय. तापमान मुद्दाम वाढवत नाही. अपिस्टोंमध्ये पाणी गरम राहिलं की नरच जास्त निघतात, आणि मला आता आणखी नर नकोत.

रविवारी कोरी परत आणायच्या, असं हे लिहायला बसताना ठरलं होतं. वरचं सगळं लिहून झाल्यावर वाटतंय, कशाला? तीन फुटीत त्या खुशाल वाळू उपसतायत, अर्धी मिशीवालीही खातेय. इथे तळ अपिस्टोंचा आणि वरचं पाणी टेट्रांचं. त्याऐवजी पृष्ठभागाला राहणारे पेन्सिलफिश चार-पाच मिळाले तर बघतो. कोणाकडे जादा असतील तर कळवा, बदल्यात क्रिप्ट देईन.

हे लिहिता लिहिता टाकीकडे पाहिलं. धाकटी करवंटीतून अर्धी बाहेर आलीय आणि तीही पिवळी पडलीय. पण तिच्या करवंटीचं तोंड मीच काचेकडे फिरवलंय, आणि त्या काचेला टेकून कपडे-भांड्यांनी ठासलेलं कपाट. मोबाईलचा टॉर्च लावून, गाल भिंतीला घासून पाहिलं. अंडी आहेत की नाहीत, काही दिसत नाही.