बांगड्या राहिल्या, सातबाऱ्याचं काय?

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ४ मे २०२२ ला ठराव केला: नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी उतरवायची नाहीत. १७ मे ला शासनानंही परिपत्रक काढून इतर गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. ठराव मोलाचाच. पण रक्षाविसर्जन झाल्यावर घरात जी कागदपत्रं फिरायला लागतात, तिथवर तो पोचत नाही.

हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मृत्युपत्र नसेल, तर नवऱ्याच्या वाट्यात बायको, प्रत्येक मुलगा, प्रत्येक मुलगी आणि सासू यांचा सारखा हिस्सा असतो. मागे बायको, एक मुलगा, एक मुलगी आणि सासू असतील तर प्रत्येकी पाव. पुढं तिनं दुसरं लग्न केलं तरी मिळालेला हिस्सा जात नाही. भाऊबंद नेमकं उलटं सांगतात.

वारस नोंदीचा, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायचा, अर्ज मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडं द्यायचा. ई-हक्क या महसूल खात्याच्या ऑनलाइन प्रणालीवरूनही देता येतो. सोबत मृत्यूचा दाखला आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. घोळ होतो तो या प्रतिज्ञापत्रातच. ते दीर करतो, आणि सुनेचं किंवा मुलींचं नाव 'नजरचुकीनं' राहतं. म्हणून अर्ज स्वतः करावा. दुसऱ्यानं आधीच केला असेल, तर नोटिशीच्या १५ दिवसांत लेखी हरकत द्यावी आणि तिची पोच घ्यावी. तोंडी सांगितलेलं कुठंच नोंदलं जात नाही. हरकत आली की प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं.

मुदत हुकली तरी हातपाय गाळू नयेत. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचा हा नावबदल, ही महसुली नोंद आहे. नाव राहिलं म्हणून हिस्सा बुडत नाही.

बुडतो तो हक्कसोडपत्रानं, म्हणजे आपला हिस्सा सोडला असं लिहून दिलेल्या दस्तानं. "वारस नोंदीला सही लागते, चला तालुक्याला" म्हणून गाडीत घालून नेतात आणि दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकासमोर अंगठा घेतात. साध्या वारस नोंदीला दुय्यम निबंधकाकडं जावंच लागत नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मी फसवणूक टळेल. फसवून घेतलेली सही रद्द करायची तर दिवाणी दावा, तोही फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत. उत्तरकार्याच्या धामधुमीत तर कशावरच सही करू नये, मग कागद कितीही किरकोळ सांगितला जावो.

बँकेतल्या पैशाचंही तसंच. नॉमिनी दीर असला तरी तो मालक नव्हे, पैसे वारसांचेच.

घरातूनच काढलं तर? २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा विधवेलाही लागू आहे, आणि सामाईक घरात राहण्याचा तिचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्येच स्पष्ट केलाय. घर सासऱ्याच्या नावावर आहे, एवढ्यावरून बाहेर काढता येत नाही. १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करावा किंवा याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याकडं जावं. अर्जात निवासाचा आदेश स्वतंत्रपणे मागावा. नुसती छळाची हकीकत लिहून अर्ज दिला की पोटगीवरच बोलणी अडकतात आणि घर हातचं जातं.