सी/ओ पोटदुखी

पूर्वी दुसऱ्याच्या घरी उतरलेल्या माणसाला पत्र पाठवायचे झाले, की पाकिटावर त्याचे नाव घालून खाली 'सी/ओ' असे लिहीत आणि त्यापुढे यजमानाचे नाव देत. मराठीत आपण त्याला 'द्वारा' म्हणतो. पोटात कळा येऊ लागल्या म्हणून मी रुग्णालयात गेलो, तेव्हा केसपेपरवर माझे नाव, वय आणि त्याखाली इंग्रजीत 'सी/ओ पोटदुखी, तीन दिवस' अशा अर्थाची ओळ पाहून मला क्षणभर वाटले, की गेले तीन दिवस मी पोटदुखीच्या घरी पाहुणा म्हणून राहतो आहे आणि कोणाला मला पत्र धाडायचे असल्यास ते तिच्या पत्त्यावर धाडावे. वैद्यकीय कागदावर 'सी/ओ' म्हणजे 'कम्प्लेंट ऑफ', अर्थात रुग्णाची तक्रार, हे नंतर कळले. तरीही मला पहिलाच अर्थ अधिक खरा वाटतो. त्या तीन दिवसांत घरात माझे काहीच चालत नव्हते. उठणे, बसणे, जेवणे, सारे त्या यजमानीणबाईंच्या मर्जीवर होते.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले, शस्त्रक्रिया ठरली आणि मी आद्याक्षरांच्या राज्यात दाखल झालो. खाटेच्या डोक्याशी 'एनबीएम' अशी पाटी लागली. तिचा अर्थ 'निल बाय माउथ', म्हणजे तोंडाने काहीही द्यायचे नाही, हे पोटात कावळे ओरडू लागल्यावर कोणी न सांगता उमगले. शस्त्रक्रियेला तिथे सगळे 'लॅप कोली' म्हणत; दुर्बिणीने पित्ताशय काढण्याच्या लांबलचक इंग्रजी नावाचे ते दोन तुटके तुकडे होते. दुसऱ्या दिवशी कागदावर 'पीओडी १' उमटले, म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचा पहिला दिवस. इथवर ठीक होते. पण पायाशी अडकवलेला तो कागद सहज चाळता चाळता पत्नी थबकली आणि आवाज उतरवून म्हणाली, "अहो, तुमच्या नावाखाली हे आयव्हीएफ काय लिहिलंय?" साठी ओलांडलेल्या, नुकतेच पित्ताशय गमावलेल्या पुरुषावर अपत्यप्राप्तीचे कोणते उपचार चालू आहेत, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. सिस्टरांना विचारले, तेव्हा त्यांनी हातातील काम न थांबवता वर टांगलेल्या सलाइनच्या बाटलीकडे बोट दाखवले. 'इंट्राव्हीनस फ्लुइड्स', शिरेतून द्यायचे द्रव. पोटावर टाके असताना हसणे किती महागात पडते, हे मला तेव्हा कळले.

खरे तर मराठी माणसाने आद्याक्षरांना नावे ठेवू नयेत. 'सा. न. वि. वि.' या चार अक्षरांत आपण साष्टांग नमस्कारही घातला आहे आणि विनंतीही केली आहे, 'ता. क.' लिहून पत्राला शेपूट जोडले आहे, आणि नावाआधी लागलेल्या 'कै.' या एका अक्षराने काय सांगितले, हे कोणाला फोडून सांगावे लागत नाही. पण त्या पत्रातला लिहिणारा आणि वाचणारा असे दोघेही ती भाषा जाणत असत. रुग्णालयाच्या फाइलीचे तसे नाही. ती एका डॉक्टरांनी दुसऱ्या डॉक्टरांना, रात्रपाळीच्या सिस्टरांनी दिवसपाळीच्या सिस्टरांना लिहिलेली पत्रे असतात. पत्राचा विषय मी, पत्र ज्याच्यासाठी वाहून न्यायचे तोही मी, काखेत फाइल मारून एका दारातून दुसऱ्या दारात हिंडणारा पोस्टमनही मीच. पण मायना मात्र माझ्या नावाचा नाही. आपले पत्र नसताना ते फोडून वाचणाऱ्याला जो थोडा अपराधी संकोच वाटतो, तो मला ही फाइल उघडताना कितीतरी दिवस वाटत असे.

औषधांच्या चिठ्ठीचे मूळ पाहिले, तर हा संकोच अगदीच निराधार नाही असे दिसते. चिठ्ठीच्या डोक्यावर जे 'आरएक्स' असते, ते 'रेसिपे' या लॅटिन आज्ञार्थी क्रियापदाचे संक्षिप्त रूप आहे आणि त्याचा अर्थ 'घे' असा होतो. मी इतकी वर्षे समजत होतो की डॉक्टर मला 'औषध घे' असे म्हणत आहेत. ती आज्ञा औषध तयार करणाऱ्याला होती: हे हे पदार्थ इतके इतके घे आणि कालव. रुग्णासाठीची सूचना पुढे 'सिग' या शब्दाखाली येई, आणि ती बाटलीवरच्या चिठ्ठीत लिहायची, असा त्याचा अर्थ. म्हणजे डोक्यापासून शेवटपर्यंत सारा मजकूर औषधवाल्याला उद्देशून, आणि आपल्या वाट्याला फक्त लेबल.

त्या लॅटिनची भुते अजून चिठ्ठीवर वावरतात. 'ओडी' म्हणजे दिवसातून एकदा, 'बीडी' म्हणजे दोनदा, 'टीडीएस' म्हणजे तीनदा, 'एचएस' म्हणजे झोपण्याच्या वेळी. 'एसी' म्हणजे जेवणाआधी आणि 'पीसी' म्हणजे जेवणानंतर. एक यंत्र गार हवेचे आणि दुसरे टंकलेखनाचे, असे समजणाऱ्याची गोळी चुकीच्या वेळी पोटात जाणार. (धूम्रपान सोडा असे बजावून लगेच खाली 'बीडी' लिहिणाऱ्या डॉक्टरांना त्यात काही वावगे वाटत नाही, कारण ते मराठीत लिहीत नसतात.) मला मात्र यांत सगळ्यांत गोत्यात आणले ते 'एसओएस'ने.

घरी सोडताना वेदनाशामक गोळीपुढे ही तीन अक्षरे लिहिली होती. एसओएस म्हणजे बुडत्या जहाजाची हाक, एवढे मला ठाऊक होते. तीन टिंबे, तीन रेघा, तीन टिंबे ही खूण १९०६ साली बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत मान्य झाली ती बिनतारी यंत्रावर सहज वाजवता आणि ओळखता येते म्हणून. 'आमचे प्राण वाचवा' हा तिचा विस्तार लोकांनी मागाहून बसवला. तेव्हा माझे जहाज बुडू लागल्याशिवाय ही गोळी घ्यायची नाही, असा मी निश्चय केला आणि ती पहिली रात्र कुशीवर वळता न येता, छताकडे पाहत, शौर्याने काढली. सकाळी फोनवर डॉक्टरांना माझा पराक्रम सांगितला, तेव्हा ते थोडा वेळ गप्प राहिले. चिठ्ठीवरचे एसओएस जहाजावरचे नव्हेच. ते 'सी ओपस सिट' या लॅटिन शब्दांचे संक्षेप आहे आणि त्याचा अर्थ इतकाच, की गरज वाटल्यास. एकाच तीन अक्षरांत एका ठिकाणी सर्वनाशाची किंकाळी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी 'लागली तर घ्या हो' असा साधा घरगुती सल्ला. मी किंकाळी ऐकली आणि सल्ला गमावला.

माझी एक रात्र गेली, त्यावर भागले. पण ही अक्षरे जाणत्यांनाही फसवतात. इन्शुलिनचे 'युनिट' लिहिताना नुसता इंग्रजी 'यू' काढला आणि तो वरून मिटला, की त्याचे शून्य होते आणि मात्रा दहापट वाढते. पूर्णांकापुढे उगाच दशांश चिन्ह देऊन शून्य लिहिले आणि ते चिन्ह पुसट उमटले, तर पाचाचे पन्नास होतात. 'एमएस' लिहिले तर ते मॉर्फीन सल्फेट असू शकते किंवा मॅग्नेशियम सल्फेटही असू शकते. अमेरिकेतील रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये वापरूच नयेत अशा संक्षेपांची यादी काढली, तीत ही सारी मंडळी आहेत. आपला 'ओडी'सुद्धा काही साधा नाही. डोळ्यांच्या चिठ्ठीवर तो 'उजवा डोळा' होतो, तेव्हा 'ओडी' थेंब दिवसातून एकदा घालायचे की उजव्या डोळ्यात घालायचे, हा वाद घरातल्या घरात मिटवण्यासारखा नाही.

हे एवढे कळूनही मी शहाणा झालो नाही. घरी आल्यावर डिस्चार्ज कार्डावरच्या एका ओळीने मला पुन्हा पकडले: 'एसपीओटू ९८ टक्के ऑन आरए'. पहिला भाग समजला. बोटाला चिमटा लावून रक्तातील प्राणवायूचे प्रमाण मोजले होते आणि ते उत्तम होते. 'आरए' मात्र मी शोधून काढला आणि पहिलाच अर्थ निघाला 'रुमॅटॉइड आर्थ्रायटिस', सांध्यांचा हट्टी विकार. पित्ताशय गेले ते गेले, वर हे निदान मला न सांगता कार्डावर लिहून ठेवले, याचा मला प्रथम राग आला. मग मी बोटे वळवून पाहू लागलो. सकाळी उठल्यावर उजव्या हाताची मधली दोन बोटे खरोखर आखडलेली वाटत होती. बरणीचे झाकण उघडताना मनगटात कळ आली. दुसऱ्या दिवशी डावा हातही त्याच वाटेने निघाला. अखेर ओळखीच्या एका डॉक्टरांना मी ती ओळ वाचून दाखवली आणि त्यांनी दोन शब्दांत माझा आजार बरा केला: 'रूम एअर'. प्राणवायूचा मुखवटा न लावता, खोलीतल्या साध्या हवेत श्वास घेताना प्रमाण ९८ टक्के होते, असे त्या ओळीचे म्हणणे होते. त्याच संध्याकाळी माझी बोटे मोकळी झाली आणि बरणीही उघडली.

तेव्हापासून मी नुसती अक्षरे शोधत नाही, त्यांचे शेजारी पाहतो. 'बीएस' पोटाच्या तपासणीत आले तर आतड्यांचे आवाज, छातीच्या तपासणीत आले तर श्वासाचे आवाज, आणि प्रयोगशाळेच्या कागदावर आले तर रक्तातील साखर.

प्रयोगशाळेच्या कागदांचा त्रास निराळा आहे. तिथे एकच वस्तू दोन नावांनी येते आणि आपण तिला दोनदा घाबरतो. माझ्या जुन्या अहवालात यकृताच्या चाचणीखाली 'एसजीपीटी' होते आणि नव्यात ते नाहीसे होऊन 'एएलटी' अवतरले. जुनी चाचणी राहून गेली आणि नवीन काही शंका आली म्हणून ही केली, असा मी तर्क लढवला. प्रत्यक्षात ते एकाच विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, माहेरचे आणि सासरचे नाव होते. मूत्रपिंडाच्या बाबतीत तर आकडाही बदलला. आधीच्या अहवालात 'बीयूएन' १४ आणि पुढच्या, दुसऱ्या प्रयोगशाळेच्या अहवालात 'युरिया' ३०. आठवड्याभरात दुप्पट! मी मनाशी कितीतरी पुढचे हिशेब केले. पण बीयूएनमध्ये युरियातील फक्त नायट्रोजन मोजतात, आणि युरियाचा रेणुभार ६० असला तर त्यातला नायट्रोजन २८ असतो, म्हणून बीयूएनला सुमारे २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. चौदाला गुणून पाहा, तीस येतात. माझी मूत्रपिंडे होती तिथेच होती. फक्त एकाने नारळ करवंटीसकट तोलला होता आणि दुसऱ्याने नुसते खोबरे.

आकड्याशेजारी ठळक उमटणारा 'एच' किंवा 'एल' हाही मनुष्याचा रक्तदाब वाढवण्यास पुरेसा असतो. 'हाय' आणि 'लो' एवढाच त्यांचा अर्थ. पण ज्या मर्यादांवरून हा शिक्का बसतो, त्या बहुधा निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांना सामावून घेतील अशा आखलेल्या असतात, म्हणजे धडधाकट वीस माणसांपैकी एकजण कुंपणाबाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकाच निरोगी माणसावर केल्या, तर निदान एकीत तरी तो बाहेर सापडण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के भरते. ज्याच्या अहवालात एकही ठळक अक्षर नाही, तोच खरा दुर्मीळ माणूस. अर्थात कोणता 'एच' दुर्लक्ष करण्याजोगा आणि कोणता नाही, हे ठरवणे माझे काम नव्हे. ते विचारणे मात्र माझे काम आहे, आणि हा भेद समजायला मला बराच काळ लागला.

आता फाइलीच्या आतल्या पुठ्ठ्यावर मी पेन्सिलीने माझा छोटा कोश लिहून ठेवला आहे. त्यात 'एनकेडीए' आहे, म्हणजे कोणत्याही औषधाची ज्ञात ॲलर्जी नाही; ही चार अक्षरे प्रत्येक नव्या डॉक्टरांपुढे मी स्वतःहून म्हणून दाखवतो. आणि 'एनएडी' आहे, 'नथिंग ॲबनॉर्मल डिटेक्टेड'. तपासणीत काहीही वावगे आढळले नाही, या इतक्या आनंदाच्या बातमीला तीन कोरडी अक्षरे मिळावीत हे मला जरा कंजूषपणाचे वाटते, पण तक्रार नाही.

टाके काढल्यानंतर पंधरा दिवसांनी मी शेवटचा तपासणीला गेलो. डॉक्टरांनी काही तक्रार आहे का विचारले, पोट चाचपून पाहिले, आणि कागदावर दोन ओळी लिहिल्या. मी टेबलाच्या अलीकडून, अक्षरे उलटी असतानाच, त्या वाचून काढल्या. पहिली 'सी/ओ निल' होती. यजमानीणबाईंचे घर सोडल्याची ती पावती घेऊन मी बाहेर आलो. बाकावर बसलेल्या पत्नीने नेहमीप्रमाणे कागद हातातून घेतला आणि दुसऱ्या ओळीवर तिचे बोट थांबले.

"रिव्ह्यू एसओएस? अहो, आता आणखी काय झालं?"

"काही नाही," मी म्हणालो, "लागलं तर या, म्हणतात."