उकडलेलं अंडं समजून

ईस्टर म्हटलं की आमच्या किचनात बेबिंका (बलक नि नारळाच्या दुधाचा थराथरांचा केक), मार्झिपॅनची म्हणजे गोड वाटणाची अंडी, डुकराच्या मटणाचं सोरपोतेल आणि इडलीसारखी सान्नां. म्हापशाजवळच्या एका केटररकडे मी पेस्ट्री सांभाळते. मूळची सावंतवाडीची. गोव्याच्या हॉटेलांत नि केटरिंगात राबणाऱ्या आमच्याकडच्या पोरापोरींची तर गणतीच नाही. २०२५ चा ईस्टर २० एप्रिलला होता, आदल्या वर्षीचा ३१ मार्चला होऊन गेलेला. तीन आठवड्यांचा फरक कॅलेंडरात किरकोळ दिसतो. पण एप्रिलच्या विशीत गोव्यात दुपारी पारा तेहतीस-चौतीसला टेकतो, आणि जिलेटिनची जेली त्याच सुमाराला वितळायला लागते.

ऑर्डर बार्देशातल्या एका जुन्या घरातल्या आंटींची. साठेक पाहुणे, त्यात पंधरा-सोळा मुलं. रविवारचं दुपारचं जेवण, मग बागेत मुलांसाठी अंडी शोधायचा खेळ. आंटींचा मुलगा आणि सून न्यू जर्सीहून आले होते. मेनू ठरवायला शेफ आणि मी गेलो, तर सुनेने सुटकेसमधून प्लॅस्टिकचे अंड्याचे साचे काढले, शिवाय गुलाबी, हिरव्या, पिवळ्या जेलीचे डबे. फोनवर फोटो दाखवला: ताटभर चकचकीत रंगीत अंडी, प्रत्येकात व्होडका.

"आमच्याकडे पार्टीला हे लागतंच," ती म्हणाली. "गार पाण्याच्या जागी अर्धी व्होडका घालायची, बस्स."

कृती खरंच तेवढीच आहे. ८५ ग्रॅमच्या डब्याला एक कप उकळतं पाणी, अर्धा कप गार पाणी, अर्धा कप व्होडका. हे डबे अमेरिकेत १८९७ पासूनचे, न्यू यॉर्क राज्यातल्या लरॉय नावाच्या गावात जन्मलेले. दारूची जेली मात्र त्याहून जुनी. १८६२ साली जेरी थॉमस या अमेरिकन बारटेंडरने पंच नावाच्या मिश्र दारूच्या जेलीची कृती छापून दिली आणि सोबत इशाराही दिला: जिलेटिनमुळे दारूची ताकद इतकी बेमालूम झाकली जाते की लोक खातच सुटतात आणि जेवणानंतर नाचायच्या लायकीचे राहत नाहीत. मला हा इशारा त्याच्या कृतीपेक्षा मोलाचा वाटतो. ग्लासात दारू असली की नाकाला कळते, घशाला कळते. थंडगार गोड जेलीत ती जवळजवळ गप्प असते.

शेफ साचा हातात फिरवत बसले होते. ते स्वतः साळगावचे, ईस्टरच्या जेवणावळींत मुरलेले. त्यांनी एकच विचारलं, "मुलांची अंडी कसली?"

"त्याच साच्यातली. बिनदारूची."

"रंग तोच, आकार तोच, चवही गोडच. सात वर्षांच्या पोराला फरक कळणार कसा?"

सुनेचं म्हणणं, वेगळ्या टेबलावर ठेवू. शेफ म्हणाले, बागेत अंडी शोधत फिरणाऱ्या पोराला टेबल दिसत नाही, अंडं दिसतं. बराच वेळ तणातणी झाली. आंटी मध्ये पडेनात. सूनबाईंचा चेहरा उतरला तेव्हा मला वाईट वाटलं, पण शेफचं बरोबर होतं. शेवटी त्यांनीच तोड काढली. साचे आणि रंग मुलांना. मोठ्यांची जेली खऱ्या अंड्याच्या कवचात, न रंगवता, जशीच्या तशी. ईस्टरच्या दिवशी साधं तपकिरी गावठी अंडं बघून कुठलं मूल धावत येईल?

डबे मी परत दिले. एक तर ती चव मला खोकल्याच्या औषधासारखी लागते. दुसरं म्हणजे, त्यातल्या जिलेटिनची पंचाईत. जिलेटिन जनावराच्या कातडी-हाडांतून काढतात, डुकराच्या किंवा गुराच्या, आणि आंटींच्या जेवणाला वाड्यावरची हिंदू शेजारी कुटुंबं मुलाबाळांसकट येतात. मुलं एकमेकांच्या ताटातलं खाणारच. म्हणून मुलांची सगळी अंडी चायना ग्रासची करायची ठरली. तो समुद्री शेवाळापासून बनतो. एकदा घट्ट झाला की पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते, म्हणजे बागेत गवतात तासभर पडला तरी ढिम्म. वर त्यात ताजा अननसही चालतो. जिलेटिनमध्ये ताजा अननस घाला, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी सरबत मिळेल, कारण अननसातलं ब्रोमेलिन हे एन्झाइम प्रथिनं तोडतं आणि जिलेटिन हे प्रथिनच. डब्यातला अननस शिजवलेला असतो, त्यातलं एन्झाइम मेलेलं असतं, म्हणून तो चालतो. पपई, किवी, अंजीर यांचीही तीच तऱ्हा.

मग मोठ्यांनाही चायना ग्रास का नाही? कारण तो तोंडात वितळत नाही, तुटतो. वर त्याला पाणी सुटतं. दारूच्या जेलीची सगळी मजा ती जिभेवर विरघळण्यात आहे. तिथे जिलेटिनच हवं, आणि तसं टेबलावर ठळक लिहून ठेवायचं.

आता दारू कुठली? एप्रिल म्हणजे उर्राकचे दिवस. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या धारेची निघते ती उर्राक, पुन्हा गाळली की फेणी. फेणी बारा महिने मिळते, उर्राक फेब्रुवारीअखेरपासून पावसाच्या तोंडापर्यंत. अशा दिवसांत गोव्यात बसून व्होडकाची जेली करायची हे मला तरी पटेना. उर्राक इथे लिम्कात घालून पितात, लिंबू पिळून, मीठ टाकून, हिरवी मिरची मधोमध चिरून सोडून. तेच सगळं जेलीत उतरवायचं ठरलं. सून एकदम खुलली. "हे तिकडे कुणी केलेलं नाही," म्हणाली.

अडचण अशी की भट्टीवरच्या उर्राकच्या बाटलीला लेबल नसतं. ताकद भट्टीगणिक, घाण्यागणिक बदलते, पंधरा टक्क्यांपासून तिसापर्यंत कुठेही. शेफनी सरळ ३० टक्के धरली आणि एक भाग उर्राकला तीन भाग बाकीचं असं प्रमाण लावलं. म्हणजे जेलीत फार तर साडेसात टक्के. एका कवचात ४५ मिलि मावते, म्हणजे अंड्यामागे साडेतीन मिलिच्या आत शुद्ध अल्कोहोल. ४२.८ टक्क्यांच्या दारूच्या ३० मिलि पेगात ते पावणेतेरा-तेरा मिलि असतं. चार अंडी म्हणजे एक छोटा पेग. हा हिशोब शेफनी ऑर्डरच्या कागदावर लिहिला तेव्हा मला जरा अतीच वाटलं होतं.

कवचं आयतीच होती. एका बेबिंकाला डझनभर बलक सहज लागतात, आणि त्या आठवड्यात बेबिंकांचा रतीब चालू होता. मी सगळ्यांना बजावून ठेवलं, अंडं मधोमध फोडायचं नाही, बूड तेवढं टोकरायचं. जमलेली कवचं धुऊन दहा मिनिटं उकळली, वाळवली, आतून ब्रशने तेलाचा हात दिला आणि अंड्यांच्या ट्रेमध्येच भोक वर करून बसवली. तीन ट्रे, नव्वद अंडी.

शनिवारी दुपारी जेली ओतली. मिरची अर्धा तास उर्राकमध्ये ठेवून काढून टाकली. जिलेटिन गार पाण्यात फुलवून लिम्काबरोबर नुसतं कोमट केलं. उकळलं की त्याची पकड जाते. लिम्काचा गॅस यात जातोच, त्याला इलाज नाही. उर्राक अगदी शेवटी, भांड्याला हात लावता येईल इतकं निवल्यावर, कारण अल्कोहोल ७८ अंशांना उडतं, आणि गरम भांड्यातून ते वर यायला लागलं की शेजारी पेटती शेगडी नसलेली बरी. लिटरला ३० ग्रॅमच्या जरा वर जिलेटिन घेतलं, उन्हाळ्याचं म्हणून. लिंबू मात्र हात राखून पिळलं. आंबटपणा वाढला की जेली सैल पडते.

रविवारी अकराला आम्ही पोचलो तेव्हा घरची माणसं चर्चमधल्या मिसाहून आल्यावर पुन्हा निजून उठलेली. शनिवार रात्रीची मिसा उशिरापर्यंत चालते. मुलांची रंगीत अंडी बागेत मांडली, उर्राकची बर्फाच्या पेटीत. एका वेळी एकच ट्रे बाहेर काढायचा आणि तो आतल्या दालनात उंच कपाटावर ठेवायचा, भोक खाली करून, म्हणजे अंडी अखंड दिसावीत. तिथे काणकोणचा एक वेटर उभा केला. त्याला सांगितलेलं एवढंच: मुलांना द्यायचं नाही, आणि किती गेली ते मोजायचं.

बेत फक्कड जमला. पाहुणे कवच सोलायचे, आतून फिक्या पिवळसर रंगाचं थरथरतं अंडं निघायचं, तोंडात टाकलं की आधी मीठ, मग मिरची, मग काजूच्या बोंडाचा तो उग्र वास. हशा पिकत होता. मुलं एकदा डोकावून गेली, "एग्ज," म्हणाली आणि बागेत पळाली. शेफनी माझ्याकडे बघून भुवई उडवली.

दीडच्या सुमाराला वेटर माझ्याकडे आला. "ताई, आजींनी पाच खाल्ली."

घरच्या आजी नव्वदीला टेकलेल्या. दालनाच्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून असायच्या. समोर कपाटावर अंडी दिसली, त्यांनी मागितली. ईस्टरला उकडलेलं अंडं खाणं ही त्यांची लहानपणापासूनची रीत. वेटरने कवच सोलून बशीत दिलं. आत जेली निघाल्याचं त्यांना नवल वाटलं असेल, पण आवडली, म्हणून दुसरं मागितलं. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला वेटर नाही म्हणणार कसा? त्याला मुलांचं सांगितलं होतं, आजींचं कुणीच काही सांगितलं नव्हतं.

आंटींना कळलं तेव्हा त्या पांढऱ्याफटक पडल्या. आई रक्तदाबाच्या गोळ्या घेते, दारूला आयुष्यात शिवलेली नाही. सून रडायच्या बेतात. कुणी म्हणालं ताक द्या, कुणी म्हणालं ओकारी काढा. शेफनी खिशातून घडी घातलेला ऑर्डरचा कागद काढला. पाहुण्यांत एक डॉक्टर होत्या, त्यांच्यापुढे तो धरला. "पाच अंडी म्हणजे फार तर सव्वा पेग, छोटा. दीड तासात खाल्लेला." डॉक्टरबाईंनी कागद वाचला, गोळ्यांची नावं विचारली, नाडी पाहिली, रक्तदाब मोजायचं यंत्र घरातच होतं ते लावलं. ओकारी वगैरे काही काढू नका म्हणाल्या. पाणी द्या, थोडं सान्नां-कढी भरवा, एकटं उठू देऊ नका, पंधरा-पंधरा मिनिटांनी मी बघते.

कागद नसता तर? उर्राक किती, कुठली, किती ताकदीची, हे त्या गोंधळात कोण सांगणार होतं? मी त्या आकडेमोडीला मनात हसले होते, ते तिथल्या तिथे आटोपलं.

आजी मात्र मजेत. गाल लाल झालेले. पदर सावरत त्यांनी आंटींना आपल्या लग्नाच्या बँडची हकिकत सांगायला घेतली. कोण व्हायोलिन वाजवत होतं, कोणत्या काकाने कुणाच्या पायावर पाय दिला. आंटी म्हणाल्या, हे मी पहिल्यांदा ऐकतेय. हळूहळू खुर्च्या त्या कोपऱ्याकडे सरकल्या. बागेतली मुलंही आली. अडीचला आजींना झोप लागली. डॉक्टरबाईंनी पुन्हा रक्तदाब पाहिला आणि स्वतः जेवायला बसल्या.

आम्ही भांडी आवरत होतो तेव्हा, चारच्या पुढे, आजी जागी झाल्या आणि जेली कुणी केली ते विचारून मला बोलावून घेतलं. मी जाऊन उभी राहिले. आता बोलणी बसणार असं धरूनच गेले होते. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि कोकणीतून विचारलं, त्यात उर्राक होती ना? मी होय म्हटलं.

"वाटलंच," त्या म्हणाल्या. "माझ्या बापाची भट्टी होती. वासाला मी चुकेन होय? पण लिंबू कमी घातलंस."

खरंच कमी होतं. एवढ्या उन्हात लिंबू वाढवलं तर जेली उभी राहत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी हात झटकला. मग नाताळात कर, म्हणाल्या, तेव्हा हवा गार असते. नाताळात उर्राक मिळत नाही, हे मी सांगायच्या आत त्याच म्हणाल्या, "फेणी घाल. आणि थोडी, ती कडक असते." शेफनी तिथेच डायरी उघडून डिसेंबरच्या पानावर नोंद केली.