आमची वाटचाल: हिरवं कॅबिनेट, एलियनवेअर आणि आम्ही

आमच्या गेमिंग पीसी बांधून देणाऱ्या दुकानाला यंदा वीस वर्षं झाली. दुकानातली पोरं मागं लागली की दादा वाटचाल लिहा, सगळे लिहितात, फोटोबिटो टाकून. मला कोटेशन सोडून दुसरं काही लिहायची सवय नाही, त्यामुळं आठवेल तसं लिहितोय, मागंपुढं झालं तर सांभाळून घ्या.

सुरुवात कॅफेपासून. २००३ ला डिप्लोमा झाल्यावर मी आणि माझ्या मावसभावानं कोल्हापुरात राजारामपुरीत आठ पीसीचा सायबर कॅफे टाकला. बोर्डावर इंटरनेट, आत काउंटर-स्ट्राइकचा गेम. वीस रुपये तास, आणि संध्याकाळी कॉलेज सुटलं की आठ मशीनला वीस पोरं लटकलेली. पार्ट आणायला मुंबईला, लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस पकडायची, सकाळी दादरला उतरून लोकलनं ग्रँट रोड, दिवसभर दुकानं पालथी घालायची आणि परत रात्रीची महालक्ष्मी, रॅम-प्रोसेसर पोटाशी बॅगेत आणि कॅबिनेटची, म्हणजे पीसीच्या बाहेरच्या डब्यांची, खोकी सीटखाली. एकदा एक आजी त्या खोक्यावरच मिरजेपर्यंत बसून आल्या, उठवायचं धाडस झालं नाही.

कॅफेच्या भिंतीवर मी एलियनवेअर या अमेरिकेतल्या गेमिंग कंपनीच्या पीसीची प्रिंट काढून लावली होती. हिरवं, डोक्यासारखा आकार, समोर परग्रहावरच्या माणसाचं तोंड. आमच्यातल्या कुणीही ते मशीन प्रत्यक्ष बघितलेलं नव्हतं, तरी पोरं त्यासमोर देवाच्या फोटोसमोर थांबावं तशी थांबायची. त्यातला एक पोरगा, पॅथॉलॉजी लॅबवाल्यांचा, २००५ च्या दिवाळीत वडिलांना घेऊन आला आणि म्हणाला मला असलाच पाहिजे. वडील म्हणाले किती. मी तोंडाला येईल तो आकडा सांगितला, बावन्न हजार, आणि ते हो म्हणाले, मग माझी फाटली.

अॅथलॉन ६४ तीन हजार प्लस प्रोसेसर, जीफोर्स ६६०० जीटी ग्राफिक कार्ड, पाचशे बारा एमबीच्या दोन रॅम. आत हे सगळं बसवणं सोपं, प्रश्न बाहेरचा. मग ते साधं काळं कॅबिनेट उचलून उद्यमनगरात एका डेंटिंग-पेंटिंगवाल्या मामांकडं गेलो. त्यांच्याकडं एका जीपसाठी आणलेला हिरवा रंग उरला होता. त्यांनी पत्रा घासला, प्रायमर मारला, दोन हात रंगाचे मारले, आणि साइडचा पत्रा कापून आम्ही त्याला अॅक्रिलिकची खिडकी बसवली, आत निळी ट्यूब. मला घाई, डिलिव्हरी संध्याकाळची. रंग पुरता वाळायच्या आत उचललं आणि मागच्या बाजूला माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला, चांगला रेघारेघांसकट. मामांनी एवढी शिवी घातली. पण गिऱ्हाईक खूश, आणि त्या एका मशीननं पुढच्या तीन महिन्यांत नऊ ऑर्डरी आणल्या. कॅफे बंद केला आणि त्याच गाळ्यात दुकान सुरू.

आणि लगेच मार्च २००६ ला बातमी आली की डेलनं एलियनवेअर घेतली. किती पैशाला, ते सांगितलंच नाही. मावसभाऊ म्हणाला, झालं, आपलं दुकान उघडायच्या आधीच मिटलं, आता डेल असली मशीन हजारांनी काढणार आणि आपल्याकडं कोण कशाला येईल. मलाही तसंच वाटलं, खोटं का बोला. तेव्हापासून ही एक गोष्ट मी बारकाईनं बघत आलोय, घरचे हसतात, की हा मायामीतल्या कंपनीचं एवढं काय घेऊन बसतो.

पण घेऊन बसण्यासारखंच आहे हो. एलियनवेअर काढणारे कोण, तर नेल्सन गोन्झालेझ आणि अॅलेक्स अगिला, लहानपणापासूनचे दोस्त, १९९६ ला मायामीत सुरुवात, गॅरेजमधून. म्हणजे आमच्यासारखेच दोघं, फक्त आमच्याकडं गॅरेज नव्हतं, गाळा होता आणि त्याचं भाडं होतं. गेमर लोकांना महागातलं मशीन बांधून द्यायचं, नीट टेस्ट करून, फोनवर बोलणारा माणूसही गेमच खेळणारा. आणि डेलकडं तेव्हा गेमिंगसाठी स्वतःचं एक्सपीएस होतंच, तरी त्यांना ही कंपनी पाहिजे होती, २००२ पासून डोक्यात होतं म्हणतात. एक गंमत म्हणजे डेल तोवर फक्त इंटेलचे प्रोसेसर विकायची आणि एलियनवेअर एएमडीचे पण विकायची, म्हणजे कंपनी घेतली तेव्हा एएमडी मागच्या दारानं घरात आलं. त्याच वर्षी पुढं डेलनं स्वतःच्या मशीनमध्येही एएमडी घातलं.

मोठा धंदा छोट्याला का घेतो हे मला तेव्हा कळत नव्हतं, पैसे अडकले तेव्हा कळलं. आमचा हिशोब असा, की पार्ट रोखीनं आणायचे, नाहीतर डीलर पंधरा दिवसांची उधारी देतो आणि चौदाव्या दिवसापासून फोन करतो. मशीन बांधायचं, आणि गिऱ्हाईक अर्धे पैसे ॲडव्हान्स देणार, उरलेले ‘पुढच्या महिन्यात दादा’. म्हणजे जितकी ऑर्डर जास्त तितके आम्ही जास्त कर्जात. २००७ ला एका क्लासवाल्यांची पंचवीस मशीनची ऑर्डर आली तेव्हा मी आनंदानं पेढे वाटले आणि दुसऱ्या आठवड्यात बायकोच्या पाटल्या सोनाराकडं ठेवल्या. डेलचं बरोबर उलटं. गिऱ्हाईक ऑर्डर देताना पैसे भरणार, पार्टवाल्यांना पैसे नंतर जाणार, मधले दिवस दुसऱ्याच्या पैशावर धंदा. एलियनवेअरच्या पोरांकडं नाव होतं, चाहते होते, पण पार्ट घेताना दुकानदारासारखा भाव पडत असणार. डेलकडं भाव होता, पण गेमर पोरगं डेलच्या कॅबिनेटची प्रिंट काढून भिंतीवर लावत नव्हतं. एवढीच देवाणघेवाण.

डेलनं एलियनवेअर घेतली त्याच वर्षी, २००६ च्या सप्टेंबरात, एचपीनं व्हूडू ही तसलीच गेमिंग पीसीची कंपनी घेतली. कॅनडात कॅलगरीला राहुल सूद म्हणून आपल्या मूळचा माणूस, त्यानं १९९१ ला सुरू केलेली. माझ्या मते मशीन म्हणून व्हूडू एलियनवेअरपेक्षा भारी होती, यावर आमच्या दुकानात अजून वाद होतो. एचपीनं पुढच्या वर्षी ब्लॅकबर्ड नावाचा पीसी काढला, काय देखणा होता तो, एका पायावर उभा असल्यासारखा. आणि मग हळूहळू व्हूडू हे नावच गेलं. सूद २०१० ला मायक्रोसॉफ्टला गेला. राहिलं काय, तर त्यांच्या मॉडेलची नावं. एचपीचा एन्व्ही लॅपटॉप इतकी वर्षं लोकांनी घेतला, ओमेन आजही घेतात, ही दोन्ही नावं व्हूडूच्या घरची. गिऱ्हाइकांना मी हे सांगतो, त्यांना काही पडलेलं नसतं, डिस्काउंट किती ते विचारतात.

डेलनं तुलनेनं बरं वागवलं. एलियनवेअर वेगळी ठेवली, डिझाइन आणि मार्केटिंग त्यांच्या हातात दिलं, आणि २००८ मध्ये उलट आपलंच एक्सपीएसचं गेमिंग बंद करत आणलं. पण आतली काही माणसं बाहेर पडली आणि २००९ ला त्यांनी मायामीतच ओरिजिन पीसी सुरू केली, पुन्हा तेच, हातानं बांधून, टेस्ट करून. आणि २०१९ ला ती ओरिजिन कुणी घेतली, तर कॉर्सेरनं, ज्यांचे रॅम आणि एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारे डबे, आमच्या काउंटरवर मांडलेले असतात.

आता आमच्या चुका पण लिहितो, नाहीतर वाटचाल कसली. २००९ ला एका डीलरनं अकरा एसएमपीएस स्वस्तात दिले, नाव सांगत नाही, डब्यावर साडेपाचशे वॉट छापलेलं. उचलल्यावर हलकं लागलं, तिथंच कळायला पाहिजे होतं. उन्हाळ्याचे दिवस, लाइट जातेय येतेय. इचलकरंजीच्या एका पोराच्या मशीनचा एसएमपीएस फुटला तो ग्राफिक कार्ड आणि मदरबोर्ड घेऊन गेला. पोरगा रडत नव्हता, नुसता उभा होता, त्याच्या आईनं पतसंस्थेतून काढून पैसे दिलेले. सगळं मी भरून दिलं आणि उरलेले दहा ठिकाणी स्वतः स्कूटरवर जाऊन बदलले. त्या वर्षी नफा शून्य. तेव्हापासून नियम, कितीही घाई असू दे, मशीन बारा तास फुल लोडवर चालल्याशिवाय दुकानाबाहेर जाणार नाही, आणि एसएमपीएस आम्ही सांगू तोच. यावरून गिऱ्हाईक तुटतात. तुटू देत.

जीएसटी आला, ऑनलाइनवाले आले, २०१९ च्या पुरात शाहूपुरीतली पाण्यात बुडालेली मशीन पोत्यात भरून आली, त्यातली काही जगली. हे सगळ्यांनीच भोगलंय. लॉकडाऊनमध्ये मात्र उलटी तऱ्हा झाली, पोरं घरात, मशीन पाहिजे आणि माल नाही. २०२१ ला ग्राफिक कार्डाचा भाव सकाळी एक, संध्याकाळी एक. एक मायनिंगवाला, म्हणजे ग्राफिक कार्डांवर बिटकॉइनसारखी नाणी काढणारा, रोख पैसे घेऊन आला, जेवढी कार्डं आहेत तेवढी द्या, वर टक्केवारी. माझ्याकडं सहा होती, सहाही पोरांची बुक झालेली. दिली नाहीत, पण रात्रभर हिशोब मनात घोळत होता एवढं कबूल करतो.

आणि मग २०२२ ला आमच्याकडं आमचा डेल आला. मोठी दुकानं असलेली एक पार्टी, नाव नको, दोन माणसं, इस्त्रीचे शर्ट, टॅब. त्यांना आमचं नाव पाहिजे होतं, गेमिंगचं वेगळं सेक्शन काढायचं आणि त्यावर आमचा स्टिकर. खरेदी त्यांची, भाव त्यांचा, मला पगार आणि वर एकरकमी पैसे. रक्कम ऐकून मावसभावानं माझा पाय टेबलाखाली दाबला. सगळं ठीक चाललेलं, मग त्यातला एक म्हणाला, सर ते बारा तासांचं टेस्टिंग दोन तासांवर आणता येईल का, कारण बेंच अडकतो. मी म्हटलं बघू. खरंच म्हटलं, बघू. आमची ही कोपऱ्यात बिलं लावत बसली होती, ती म्हणाली, जुन्या गिऱ्हाइकांची वॉरंटी कोण बघणार? ते म्हणाले, मॅडम, ते तुमचं तुम्ही क्लोज करायचं. तिनं परत बिलं लावायला घेतली.

मी तीन रात्री झोपलो नाही. घराचे हप्ते होते. चौथ्या दिवशी फोन करून नाही सांगितलं, आणि मावसभाऊ सहा महिने बोलला नाही. नंतर त्यानं वाटणी घेऊन दोन गल्ल्या सोडून स्वतःचं दुकान टाकलं. म्हणजे आमची कंपनी विकली गेली नाहीच, पण आमचं ओरिजिन पीसी मात्र निघालं. आता बरं चाललंय दोघांचं, माल कमी पडला तर एकमेकांकडून नेतो, सणाला जेवायला असतो. नाही म्हटलं ते बरोबर केलं का, ते मला अजून ठाम सांगता येत नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे चढले, एआयवाल्यांनी सगळा माल ओढून घेतला, की कोटेशन दिल्यावर दोन दिवसांत फिरवावं लागलं, आणि असल्या दिवसांत ती रक्कम आठवतेच.

परवा तो लॅबवाल्यांचा पोरगा आला. पोरगा कसला, चाळिशीला आलाय, पुण्यात असतो, केस गेलेत. गाडीच्या डिकीत ते हिरवं कॅबिनेट. म्हणाला, दादा, माझ्या मुलीला यात नवीन मशीन बांधून द्या, यातच. मी म्हटलं कशाला, आता काचेची कॅबिनेट येतात. नाही म्हणाला, यातच. मदरबोर्ड टाकून बघितला तर स्क्रूची भोकं जागच्या जागी जुळली, एटीएक्स हे बोर्ड-कॅबिनेटचं ठरलेलं माप, ते १९९५ पासून तेच आहे. आदल्याच आठवड्यात एक ब्रँडेड मशीन आलं होतं, पाच वर्षांचं, त्याचा बोर्ड त्याच्याच डब्याच्या आकाराचा, एसएमपीएसची पिन वेगळी, साधा पंखा बदलायला दिवस गेला, त्यामुळं मला हे बघून जरा जास्तच बरं वाटलं. फक्त आजची ग्राफिक कार्डं हातभर लांब, ती हार्डडिस्कच्या खणाला अडली. खण कापायचा म्हणून घेतलं आणि उद्यमनगरात गेलो. मामा आता नाहीत, त्यांचा मुलगा बसतो. त्यानं ग्राइंडरनं खण काढला, कडा घासल्या, आणि कॅबिनेट फिरवून बघत म्हणाला, हा कलर आता येत नाही, मॅच करून मारतो, पूर्ण मारू की कापलंय तेवढंच? मी म्हटलं कापलंय तेवढंच. मागची बाजू आहे तशी ठेव, तिथं ठसा आहे. आणि या वेळी वाळेपर्यंत मी येत नाही, तूच फोन कर.