मुंबई ते हैदराबाद, मागे आठ बोटी

जुलैत मुंबईचा समुद्र लहान बोटींना आत घेत नाही. चौपाटीवर आमच्या पोरांच्या बोटी ताडपत्रीखाली पालथ्या पडून असतात. नेमक्या त्याच दिवसांत हैदराबादच्या हुसेनसागरवर पावसाळी वारा धरून वाहतो आणि पाणी मात्र तलावाचं. म्हणून शिडाच्या बोटी चालवणारी मुलं ठिकठिकाणाहून तिथे शर्यतींना जमतात. माझी लेक तेरा वर्षांची, ऑप्टिमिस्ट म्हणजे मुलांची छोटी शिडाची बोट चालवते. तिची आणि तिच्या सोबत्यांची मिळून आठ बोटी ट्रेलरवर चढवायच्या, ट्रेलर माझ्या बोलेरोला जोडायचा आणि पुणे, सोलापूर, उमरगा, जहीराबाद करत हैदराबाद गाठायचं, हे काम गेली चार वर्षं माझ्याकडे आहे. जायचे साधारण ७१० किलोमीटर आणि यायचे तेवढेच.

भेटेल तो मला खंडाळ्याच्या घाटाबद्दल विचारतो. घाटाचं मला काही वाटत नाही. निघण्याच्या आदल्या रात्री झोप उडते ती ट्रेलरच्या दोन टायरांपायी.

माझे बाबा एसटीच्या कुर्ला डेपोत टायरच्या कामावर होते. त्यांनी पहिल्याच वर्षी मला बजावलं होतं, "थांबलीस की आधी हबला हात लाव, मग टायरला. चहा नंतर." हब म्हणजे चाकाचा मधला भाग. तो कोमट असला तर ठीक, हात ठेववेना इतका तापला तर बेअरिंग गेलं समज. टायरवर तळवा आतून बाहेर फिरवायचा आणि मग उलटा. "डोळ्याला टायर काळाच दिसतो गं, हाताला कळतं." गेल्या वर्षी भिगवणला थांबलो तेव्हा पोरं चिलापीच्या थाळीकडे पळाली आणि मी ट्रेलरखाली वाकले. डाव्या टायरची बाहेरची नक्षी अगदी नव्यासारखी. आतल्या कडेला हात नेला तर बोटांना धार लागली. मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर आतली दोन बोटं रुंदीची पट्टी गुळगुळीत झालेली, एका ठिकाणी तार डोकावत होती. उजवा थोडा बरा, पण खोड तीच.

पुण्यापासून तेव्हा जेमतेम शंभर किलोमीटर झाले होते. निघताना कळंबोलीत मी हवा तपासली होती, वरून टायर पाहिलेही होते. आतली कड पाहिली नव्हती. बोटी लादल्यावर ती दिसतच नाही, त्यासाठी जमिनीवर पाठ टेकावी लागते.

स्टेपनी होती, ती डावीकडे चढवली. (गाडीचा जॅक ट्रेलरला पुरत नाही, खाली घालायला लाकडी ठोकळा बरोबर ठेवा.) मुलांच्या सगळ्या बॅगा, पाण्याचे कॅन आणि शिडांच्या पिशव्या ट्रेलरवरून काढून बोलेरोत कोंबल्या. पुढचं अंतर पन्नासच्या वेगाने काटलं. सोलापूर, नळदुर्ग, उमरगा, प्रत्येक ठिकाणी हात लावून बघत गेलो. हैदराबादला पोचायला रात्रीचे दोन वाजले. पोरं झोपली होती. माझे हात स्टिअरिंगवरून सुटत नव्हते.

परत आल्यावर बाबांनी मला चार प्रश्न विचारले आणि चारही उत्तरं माझ्याकडे नव्हती. ट्रेलरचं वजन किती? टायर किती वजन पेलतो? टायर कधीचा? अॅक्सल सरळ आहे का?

वजन मी कळंबोलीच्या काट्यावर केलं. सगळं लादून, बोलेरो सोडवून, फक्त ट्रेलरची दोन चाकं काट्यावर: ६९० किलो. एका ऑप्टिमिस्टचं नुसतं हल, म्हणजे शीड-काठीशिवायची बोट, ३५ किलोचं, म्हणून आठांचं ओझं मला कधी ओझं वाटलंच नव्हतं. पण डोलकाठ्या, सुकाणू, ढकलगाड्या, पेट्या आणि मूळ लोखंडी सांगाडा मिळून आकडा तिथे जातो. टायर होते मारुती ८००चे. त्यांच्या कडेवर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, आकारानंतर ६९ हा आकडा असतो, त्याचा अर्थ एका टायरवर जास्तीत जास्त ३२५ किलो. दोन टायर म्हणजे ६५०. तीन खेपा आम्ही चाळीस किलो जास्त लादून गेलो होतो, आणि हवा मात्र पंपावरचा मुलगा भरायचा तशी सगळीकडे तीस.

टायरचं वयही कडेवरच असतं. चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्यावर २३१६ होतं, म्हणजे २०१६ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरच्या टायरची ही गोष्ट मला फार उशिरा कळली. वर्षात दीड हजार किलोमीटरसुद्धा धावत नाही, त्यामुळे नक्षी खोल राहते आणि टायर नवा भासतो. पण उरलेले अकरा महिने तो समुद्राच्या काठी उन्हात एकाच जागी, एकाच बाजूवर वजन घेऊन उभा असतो. रबर वाळतं, कडेला केसांएवढ्या भेगा पडतात. मग जुलैत एकदम लांबची धाव. हवा कमी असली की कड प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते, त्यातून उष्णता येते, आणि वाळलेलं रबर आतल्या थरापासून सुटायला लागतं. शिवाय ट्रेलरचं चाक लहान. त्या टायरचा परीघ १.७ मीटरच्या आत, म्हणजे हैदराबादपर्यंत चार लाखांहून जास्त फेरे. बोलेरोच्या चाकाला तेवढ्याच वाटेवर सव्वातीन लाखांच्या आसपास पडतात.

चौथा प्रश्न अॅक्सलचा. रविवारी बाबा स्वतः आले. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखतात, तरी पोत्यावर बसले. दोन्ही टायरांच्या मधोमध खडूने रेघ मारली. अॅक्सलच्या उंचीवर पुढच्या बाजूने दोन रेघांमधलं अंतर मोजलं, मग मागच्या बाजूने. सहा मिलिमीटरचा फरक. मला वाटलं, सहा मिलिमीटर म्हणजे काय! बाबांनी वहीत हिशेब मांडला. चाकाचा व्यास धरा ५४० मिलिमीटर. प्रत्येक चाक तीन मिलिमीटर तिरकं. म्हणजे दर किलोमीटरला टायर साडेपाच मीटर आडवा फरफटतो. हैदराबादपर्यंत जवळजवळ चार किलोमीटर आडवं घासणं. शिवाय ओझ्याने अॅक्सल मधे खाली वाकून चाकांचे माथे आत कलले होते, म्हणून सगळं घासणं आतल्या कडेवर. ट्रेलर बांधणाऱ्याने पाच बोटींचा हिशेब धरून अॅक्सल घातला होता. आठ आम्ही चढवल्या.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन शनिवार घालवले. जाड अॅक्सल आणला, स्प्रिंगचे पाटे बदलले, यू-बोल्ट गंजले होते तेही बदलले. टायर आता छोटा हत्तीचे, आठ प्लायचे. माप बाराच इंची, पण कड कडक आणि जास्त वजन पेलणारी. त्यांना हवा जवळजवळ दुप्पट लागते, म्हणून तेवढा दाब सोसणाऱ्या रिम आणि व्हॉल्व्हही घेतले. एका दुकानात "नवा माल" म्हणून तीन वर्षांपूर्वीचा टायर पुढे केला होता. मी वाकून चार आकडे वाचले आणि परत दिला. हवा मी आता सकाळी, चाक फिरण्याआधी, स्वतःच्या गेजने बघते. वाटेत तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून कमी करायची नाही. थंड झाल्यावर तो पुन्हा कमी हवेवर येतो, आणि आपण मूळ दुखण्याकडेच परत जातो.

बोटी कुठे ठेवायच्या हेही बदललं. पूर्वी पेट्या मागे बांधायचो, शेपूट जड व्हायचं आणि सत्तरच्या पुढे ट्रेलर डुलायला लागायचा. आता पेट्या अॅक्सलच्या जरा पुढे. जोडणीच्या गोळ्यावर किती भार येतो ते घरच्या वजनकाट्यावर फळी टाकून बघते. एकूण वजनाच्या सातआठ टक्के आला की ट्रेलर शहाण्यासारखा मागून येतो.

मोटरबोटवाल्या एका मित्राचा ट्रेलर मांडव्याला थेट पाण्यात उतरतो, त्याला हे मुद्दाम सांगितलं: लांबून आल्या आल्या चाकं पाण्यात घालू नको. तापलेला हब खाऱ्या पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सील असूनही पाणी आत ओढलं जातं. अर्धा तास थांब.

या जुलैत पुन्हा गेलो. सहा ठिकाणी थांबलो, सहाही वेळा पोरांना हात लावायला लावला. माझी लेक आता न सांगता खाली वाकते. परतल्यावर ट्रेलर ठोकळ्यांवर उचलला, चाकांना पोती बांधली.

बाबा परवा आले, पोतं सोडलं, उजव्या टायरवर आतून बाहेर हात फिरवला, मग बाहेरून आत. थोडा वेळ काही बोलले नाहीत. "डावा चांगला आहे. उजव्याला किंचित लागतंय. दोरी आण."

रविवारी पुन्हा मोजायचंय.