चुलीवरची टोपली

जानेवारीत व्हिएतनामला गेले होते, तिथून पाठीवर अडकवायची एक टोपली आणली. तिथल्या बुओन मा थुओट शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर लाक तलाव आहे. त्याच्या काठी म्नोंग लोकांचं ‘जून’ नावाचं गाव, खांबांवर उभी लांबच लांब घरं. एका घराच्या पायरीवर एक आजोबा विणत बसले होते. म्नोंगांमध्ये कूळ आईकडून चालतं, कापड बायका विणतात आणि टोपल्या पुरुष. या टोपलीला तिकडे ‘गुई’ म्हणतात. शेतातून धान्य, रानातून सरपण, सगळं तिच्यातूनच घरी येतं.

आजोबांनी नव्या टोपल्या दाखवल्या. मला मात्र आत चुलीवर टांगलेली जुनी हवी होती. धुरानं तिचा रंग गुळासारखा झाला होता. नाकाशी धरली आणि थेट संगमेश्वरला, आजीच्या स्वयंपाकघरात पोचले. तिथेही सुपं, रोवळ्या चुलीच्या वर अडकवलेल्या असायच्या. वाटायचं, जागा नाही म्हणून.

विमानातून येताना टोपलीचा एक पट्टा तुटला. वेताचा पट्टा. तो दुरुस्त करायला मुहूर्त मिळाला तो थेट भाद्रपदात, गौरींच्या चार दिवस आधी. लालबागला ओवशाची सुपं घ्यायला गेले तेव्हा टोपलीही सोबत नेली. दरवर्षी ज्या बुरूड मावशींकडून सुपं घेते, त्यांच्यासमोर ठेवली.

मावशींनी पट्ट्याकडे पाहिलंच नाही. टोपली उलटी केली, बुडाच्या लाकडी पायांवरून अंगठा फिरवला, मग हात आत घातला. “बेळ बघा ताई, किती बारीक काढलीय. आणि सगळीकडे पाठच वापरलीय, पोटाची एक काडी नाही.” बेळ म्हणजे विणायला चिरून काढलेली बांबूची पातळ कामटी, आणि बांबूची पाठ म्हणजे बाहेरची चकचकीत साल. मजबुती तिच्यातच असते. पोट म्हणजे आतला गर, तो मऊ, त्यात पिष्ट जास्त, म्हणून भुंगेरे आधी तोच पोखरतात. मग त्यांनी टोपली हुंगली. “चुलीवरची आहे. हिला कीड लागायची नाही.”

मी म्हटलं, “आमच्या घरचं सूप दोन वर्षांत भुगा होतं.”

“गॅसवर कुठला धूर, ताई? आम्ही तेच विणतो, तसंच विणतो. पुढचं काम चूल करायची.”

हे ऐकून मला फार लागलं. इतकी वर्षं मी बाजारातल्या सुपांनाच नावं ठेवत होते. आजी मेथ्या भिजवून वाटायची, त्यात कागदाचा लगदा कालवून टोपल्या लिंपायची, पावसाळ्यात धुराखाली ठेवायची. टोपली विकत आणल्यावर तिचं निम्मं काम घरात व्हायचं. ते आम्ही सोडून दिलं आणि दोष मात्र बुरुडाच्या हाताला दिला.

वेत मावशींकडे नव्हता. त्यांनी भिजवलेली बेळ तिपेडी वळून तात्पुरता पट्टा बसवला. तेवढ्यात तीन गिऱ्हाइकं सुपांसाठी येऊन उभी राहिली. तरी मावशींचं बोट टोपलीच्या कडेच्या काळ्या नक्षीवरच होतं. ओठांत मोजणं चाललं होतं, दोन वर, एक खाली, पुन्हा दोन वर.

“गौरी गेल्या की परत आणा,” त्या म्हणाल्या. “ही नक्षी मला उचलून बघायचीय.”